वजा दोन

आंतोफागास्तात, बंदराच्या मागे,
मी रात्रपाळीला बसते आणि गुण मोजते.
सदतीस टँकर. पडद्यावर सदतीस हिरवे ठिपके,
पोटात आम्ल घेऊन वाळवंट चढत जाणारे.
कुणी करकचून ब्रेक दाबला, वजा पाच.
कुणी वळणावर घाई केली, वजा तीन.
शंभर किलोमीटर नीट गेले, की केबिनमध्ये
एक घंटी वाजते, बारीक,
खुळखुळ्यासारखी.

सुरुवातीला सगळे हसले.
"बालवाडी काढलीय का?" म्हणाला एलेउतेरिओ,
आणि त्याच आठवड्यात रात्री दोनला त्याचा फोन:
"माझा नंबर कितवा?"
पहिल्याला मांस भाजायची शेगडी,
दुसऱ्याला थर्मास.
यास्नाने शेगडी जिंकली. घरी तिच्या दोन होत्याच,
तरी तिसरी तिने छातीशी धरून नेली,
फाटकापासून बसथांब्यापर्यंत, सगळ्यांना दिसेल अशी.

मला थट्टा करायची नाहीये.
उलटलेला टँकर मी पाहिलाय,
वाळू कशी धुमसते, बूट कसे विरघळतात, तेही.
यंदा एकही उलटला नाही.
ते त्या घंटीच्या खात्यावर जमा.

पण निबाल्दो मामानी.
अकरा आठवडे, अकरा थर्मास.
पहिला येणारा पाचशेपैकी पाचशे,
हा चारशे अठ्ठ्याण्णव.
अठ्ठावीस वर्षं गाडी हाकलेला माणूस,
ज्याच्या टँकरमध्ये डॅशबोर्डवर ठेवलेला
चहाचा पेला कालामापर्यंत हिंदकळत नाही,
त्याचे दोन गुण जातात कुठे?

मी नोंदी उघडल्या.
मंगळवार, पहाटे चार वाजून काही मिनिटं,
किलोमीटर चौदाशे बारा.
वेग ऐंशीवरून तीसवर, अलगद, ब्रेकचा ओरखडाही नाही.
मग हॉर्न. तीनदा.
समोर गाडी नाही, जनावर नाही,
एखादा कोल्हासुद्धा नाही.
नियम नऊ: विनाकारण हॉर्न, वजा दोन.
पुढच्या मंगळवारी तेच.
त्याच्या पुढच्याही.

विचारलं तेव्हा तो थर्मासमधून कॉफी ओतत होता,
सातव्या की आठव्या, कोण जाणे.
"तिथे लुडविगचं घर आहे," म्हणाला.
घर म्हणजे गुडघाभर उंचीचं, पत्र्याचं,
आत नंबरप्लेट, उन्हानं पांढरी पडलेली प्लास्टिकची फुलं,
आणि कुणीकुणी ठेवून गेलेल्या पाण्याच्या बाटल्या.
"स्टिअरिंगवर डोळा लागला त्याचा.
तेव्हा घंटी नव्हती.
हॉर्न मीच द्यायचो, मागून,
त्याची गाडी जरा झुकली की.
त्या रात्री मी रजेवर होतो."

कॉफीवरची वाफ तो बघत राहिला.
मी म्हटलं, एवढा एक किलोमीटर
नियमातून वगळता येईल. एक ओळ टाकायची फक्त.
वरच्यांना कळणारही नाही.

त्याने झाकण फिरवलं, घट्ट,
अर्धा फेरा अजून.
"नको, पोरी.
फुकटातली हाक पोचत नाही."

मी कुणाला सांगितलं नाही. शपथ.
तरी पुढच्या पंधरवड्यात
यास्ना, चौदाशे बारा, वजा दोन.
मग एलेउतेरिओ,
ज्याने लुडविगला कधी पाहिलंही नव्हतं.
मग नवीन लागलेला तो काटकुळा पोरगा,
जो गुणांसाठी शिंकसुद्धा दाबून ठेवतो.
रात्री पडद्यावर बघते:
एकेक हिरवा ठिपका त्या जागी येतो,
क्षणभर पिवळा होतो,
आणि पुन्हा हिरवा होऊन डोंगराकडे सरकतो.

सांतियागोच्या कार्यालयातून विचारणा आली:
सर्वांचे गुण एकाच ठिकाणी कसे कमी होतात?
यंत्रात बिघाड आहे काय?

मी उत्तर लिहिलं, शिक्का मारला:
यंत्र ठीक आहे.
तिथे वारा फार असतो.